मुलांच्या नावाने सुटणारी गाडी

आगगाडी म्हणजे माणसांना किंवा मालाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारे वाहन, ही शालेय व्याख्या वर्षाचे अकरा महिने पुरते. डिसेंबर लागला की मात्र तिच्यात दुरुस्ती करावी लागते, कारण या महिन्यात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या देशांत अशा असंख्य गाड्या धावू लागतात, की ज्या जिथून सुटतात तिथेच येऊन पोहोचतात, वाटेत कोणाचे कसलेही काम करीत नाहीत, आणि तरीही ज्यांच्यापायी घरातील कर्ती माणसे वाढलेली ताटे निवू देतात. नाताळची आगगाडी या नावाखाली येणाऱ्या या प्रकाराचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग दिवाणखान्यात ख्रिसमसच्या झाडाखाली गोल फिरणाऱ्या खेळण्यातल्या गाडीचा, आणि दुसरा, दिव्यांच्या माळा, सांताक्लॉज व गरम कोको यांनी नटवून खऱ्या रुळांवर सोडलेल्या खऱ्या गाडीचा. दोन्ही वर्गांत आकाराचा, वजनाचा आणि खर्चाचा फरक प्रचंड असला, तरी एक गोष्ट दोन्हीकडे छातीठोकपणे सांगितली जाते, ती अशी की हे सगळे मुलांसाठी चालले आहे. या विधानाची छाननी करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे. छाननी करणारा लेखक हा सोफ्यावर बसून दुसऱ्यांनी रूळ कसे जोडावेत हे सांगणाऱ्यांच्या पंथातला असल्याने, प्रत्यक्ष गुडघे टेकणाऱ्यांपेक्षा त्याचे निरीक्षण अधिक निःपक्षपाती मानायला हरकत नसावी.

या छाननीत पहिलीच अडचण अशी येते की विजेवर चालणाऱ्या या गाड्यांतली अमेरिकेतली एक प्रसिद्ध गाडी जन्मली ती मुळी मुलांसाठी नव्हतीच. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल कोवेन या तरुणाने १९०० साली एका भागीदाराबरोबर लायोनेल नावाची कंपनी काढली, आणि लौकरच विजेच्या मोटारीवर वर्तुळात फिरणारा एक लाकडी उघडा डबा तयार केला. दुकानाच्या काचेमागे हा डबा फिरत ठेवावा, त्यात विक्रीचा माल मांडावा, आणि रस्त्याने जाणाऱ्या गिऱ्हाइकाचे त्या मालाकडे लक्ष वेधावे, अशी त्यामागची व्यापारी कल्पना होती. लक्ष वेधले गेले खरे, पण मालाकडे नव्हे. लोक आत शिरून डब्यातल्या वस्तू बाजूला सारून डब्याचीच किंमत विचारू लागले. “हे घड्याळ काढून दाखवू का?” “घड्याळ राहू द्या हो, ते गरगर फिरतंय ते केवढ्याला?” अशा धाटणीचे संभाषण काउंटरवर झाले असणार आणि ते करणारी मंडळी मिशा फुटलेली असणार, कारण पाच वर्षांची मुले दुकानात एकटी शिरून घासाघीस करीत नाहीत. याच कोवेनने वयाच्या सातव्या वर्षी लाकडी इंजिनात वाफेचे चिमुकले यंत्र बसवण्याचा प्रयोग केला आणि ते फुटून घरातील भिंतीवरच्या शोभेच्या कागदाची वाट लागली, अशीही एक आख्यायिका या कंपनीच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. त्या आख्यायिकेत त्याच्या आईचे म्हणणे नोंदवलेले नाही.

अर्थात या क्षेत्रात घराच्या अंदाजपत्रकाला खरी गळती लावण्याचा मान अमेरिकेकडे नसून जर्मनीकडे जातो. ग्योपिंगेन गावची मेर्कलिन ही कंपनी मुळात बाहुल्यांच्या भातुकलीची पत्र्याची भांडी करीत असे. तिने १८९१ च्या लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात इंग्रजी आठाच्या आकाराच्या रुळांवर धावणारी चावीची गाडी मांडली, आणि तिच्याबरोबर एक नवे तत्त्वही मांडले. रुळांची रुंदी, म्हणजे ज्याला गेज म्हणतात ती, ठरावीक मापाची ठेवायची, म्हणजे आज गाडी घेतलेल्या माणसाला पुढच्या वर्षी जादा रूळ, त्याच्या पुढच्या वर्षी सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, आणि त्यानंतर स्टेशन, सिग्नल, बोगदा, पूल असे काहीबाही जन्मभर घेत राहता येते. एकदाच खर्च करून सुटका करून घेण्याची जी सोय बाहुली, चेंडू आणि भोवरा या खेळण्यांत होती ती या तत्त्वाने कायमची संपुष्टात आणली. भातुकलीची भांडी विकता विकता एखाद्या कारखानदाराला संसाराचे मर्म उमगावे ते असे.

गाडी झाडाखाली कशी गेली, याचे उत्तर थोडे धार्मिक आहे. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांत नाताळला शेवाळ, दगड, लाकडी जनावरे आणि मूर्ती मांडून येशूजन्माचा देखावा करण्याची प्रथा आहे, तिला पुट्झ म्हणतात. या देखाव्याभोवती हळूहळू गाव वसले, गावात चर्च आले, तळे म्हणून आरसा आला, आणि गाव म्हटल्यावर त्याला स्टेशन हवे या न्यायाने आगगाडीही आली. येशूच्या जन्मकाळी बेथलेहेमला रेल्वे पोहोचलेली नव्हती, ही बारीकशी अडचण कोणाला जाणवली नाही, आणि ज्यांनी गणपतीच्या आराशीत उंदराच्या शेजारी चांद्रयान उतरलेले पाहिले आहे त्या मराठी वाचकांनीही ती काढू नये हे बरे.

या गाडीच्या स्थापनेचा विधी जवळून पाहायचा असेल तर न्यू जर्सीतील एडिसनसारखे गाव सोयीचे पडते, कारण या भागात मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि लायोनेलचा जुना कारखानाही याच राज्यात, हिलसाइड येथे होता. ‘मुलांना शाळेत वेगळं वाटायला नको’ या कारणाने इथल्या घरांत झाड येते, आणि झाड आले की पुढच्या वर्षी ‘मुलाला हौस आहे’ या कारणाने गाडी येते. हौस असलेला मुलगा बहुधा त्या वेळी दीड वर्षाचा असतो आणि त्याची ज्ञात हौस पुठ्ठा चावण्यापुरती मर्यादित असते. नमुन्यादाखल एक घर घेतले, तर त्यात संगणकावर काम करणारा गृहस्थ, त्याच्यापेक्षा जास्त काम करणारी त्याची पत्नी, आता पाच वर्षांचा झालेला मुलगा, आणि साताऱ्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी अशी पात्रे असतात. विधीचा मुहूर्त शनिवारी दुपारी असतो आणि त्यात पहिला मान खोका उघडण्याचा असतो, जो मुलाला मिळत नाही, कारण मूळ खोका शाबूत असला तर जुन्या गाडीला संग्राहकांच्या बाजारात चांगली जादा किंमत येते, हे गृहस्थाने कुठेतरी वाचलेले असते.

“खोका फाडू नकोस रे!”

“मग खेळायचं कशाशी?”

“गाडीशी.”

“ती तर तुझ्याकडे आहे.”

या प्रश्नोत्तरांतील शेवटचे विधान निरुत्तर करणारे असल्याने गृहस्थ रूळ जोडायला लागतो. रुळांचे वाकडे तुकडे टोकाच्या पिना एकमेकांत घालून जुळवायचे असतात, आणि लायोनेलच्या एका लहान घरगुती मापात त्यांचे वर्तुळ सुमारे २७ इंच व्यासाचे होते. झाडाचे लोखंडी बूड मात्र तीन दिशांना पाय फाकून नेमके २८ इंचांवर बसलेले असते. मग झाड उचलायचे ठरते. झाड उचलताना बुडातले पाणी सांडते (ताजे कापलेले झाड पाणी पिते आणि ते रोज घालावे लागते, ही माहिती नवीन माणसाला गालिचा भिजल्यावर मिळते), ते पुसेपर्यंत वरचा तारा वाकडा होतो, तो सरळ करायला स्टूल आणले जाते, आणि स्टुलाचा पाय रुळावर पडून एक तुकडा चेपतो. चेपलेला तुकडा पक्कडीने सरळ केला की तो सरळ दिसतो, परंतु गाडीचे मत वेगळे असते, आणि पुढे सहा जानेवारीपर्यंत ती दर फेरीला तिथेच घसरते.

विजेचा भाग त्याहून रंजक आहे. लायोनेलच्या रुळांत दोनऐवजी तीन पट्ट्या असतात. मधल्या पट्टीतून वीज इंजिनात येते आणि कडेच्या दोन पट्ट्यांतून परत जाते, आणि यामुळे रुळाचा फास करून गाडी उलट फिरवली तरी विजेचा घोळ होत नाही, हा या रचनेचा मोठा फायदा आहे. तोटा एवढाच की झाडावरची चमकी, म्हणजे चांदीसारखे झळझळीत, केसाएवढे धागे, दर मिनिटाला एक या गतीने खाली पडत असतात. त्यांतला एखादा धातूचा धागा मधल्या आणि कडेच्या पट्टीवर आडवा पडला की वीज इंजिनापर्यंत जाण्याचे कष्ट न घेता त्या आडवाटेनेच परत फिरते, ज्याला शॉर्ट सर्किट म्हणतात, ट्रान्सफॉर्मरचा खटका पडतो आणि गाडी थांबते. एकेकाळी ही चमकी शिशाची असे. लहान मुलांच्या पोटात शिसे जाण्याच्या भीतीने अमेरिकेत १९७२ नंतर ती बंद होत गेली, आणि हल्लीची प्लास्टिकची चमकी विजेला वाट देत नसली तरी चाकांच्या दातांत जाऊन बसण्यात ती शिशापेक्षा तरबेज आहे. चमकी नसली तर झाडाच्या सुया असतात आणि सुया संपल्या तर शेजारची मांजर असते, जी रुळांच्या मधोमध बसून प्रत्येक फेरीला पंजा मारते आणि ज्या डब्याला अद्याप अपघात झालेला नाही त्याचा अनुशेष भरून काढते.

तरीही गाडी शेवटी चालते. ती चालल्याचे पहिले प्रमाणपत्र सोफ्यावरून मिळते.

“अगं बाई, ही तर झाडाला प्रदक्षिणा घालतेय! वटपौर्णिमेला वडाला सात पुरतात, हिला किती लागतात रे?”

“आई, जरा बघू दे, वळणावर वेग कमी करावा लागतो.”

“बाबा, मी चालवू?”

“थांब, अजून टेस्टिंग चालू आहे.”

या टेस्टिंगला अंतिम मुदत नसते. स्वयंपाकघरातून जेवायला हाक आली की “आलोच, एक फेरी” असे उत्तर जाते, आणि एक फेरी हे कालमापनाचे एकक पाऊण तासाइतके लांबवता येते असे अनुभवास येते. मधल्या काळात इंजिनाच्या धुरांड्यातून धूर काढण्याचा प्रयोग होतो. लायोनेलने १९४६ पासून इंजिनात गोळी टाकून खराखुरा धूर काढण्याची सोय केली होती, आणि आता ती गोळीऐवजी द्रवाचे थेंब घालून भागवतात. नेमक्या त्याच वेळी घरातील धुराचा गजर केकाटू लागतो. गृहस्थ अभिमानाने इंजिनाकडे पाहतो, पत्नी खिडकी उघडते, आणि आजी निमूटपणे लसणीच्या फोडणीवर झाकण ठेवते.

अखेरीस मुलाच्या हातात वेगाची मूठ येते तेव्हा या संपूर्ण व्यवहारातील तात्त्विक मतभेद उघड होतो. मोठ्या माणसाला गाडी रुळावर असलेली आवडते, तर लहान मुलाला ती घसरलेली आवडते. मूल मूठ पूर्ण फिरवते, वळणावर एक प्लास्टिकचा डायनॉसॉर आडवा घालते, मालगाडीचे चार डबे सोफ्याखाली जातात आणि खोली हास्याने दुमदुमते. “रुळावर डायनॉसॉर ठेवायचा नाही, असं रेल्वेत नसतं,” असे गृहस्थ सांगतो, आणि त्याच्या स्वरात आयुष्यभर सिग्नल सांभाळलेल्या माणसाची व्यथा असते. पाचव्या अपघातानंतर चालकाचा परवाना रद्द होतो. मूल मग जड अंतःकरणाने नव्हे, तर अत्यंत आनंदाने, निषिद्ध खोक्यात जाऊन बसते आणि तोंडाने ‘झुकझुक’ करीत संध्याकाळ घालवते. या खोक्याची बाजारातली किंमत पडल्याची वार्ता गृहस्थाला रात्री कळते.

मूल आणि गाडी यांच्या नात्याविषयीचे कारखानदारांचे अंदाज वेळोवेळी कसे आपटले, याचे दोन दाखले या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली धातू युद्धाकडे वळला, अमेरिकेत खेळण्यातल्या गाड्यांचे उत्पादन थांबले आणि लायोनेल नौदलासाठी होकायंत्रे वगैरे बनवू लागली, तेव्हा १९४३ च्या नाताळात दुकानात काहीतरी असावे म्हणून कंपनीने एका डॉलरला पुठ्ठ्याची मालगाडी काढली. तिचे अडीचशेहून अधिक तुकडे पुठ्ठ्यातून सोडवून, दुमडून, खाचांत खोचून गाडी उभी करायची होती. मुलांच्या बोटांना हे झेपणार नाही म्हणून ते काम वडिलांकडे आले असणार, आणि वडील आघाडीवर असल्यास आजोबांकडे गेले असणार. जोडायला कमालीची अवघड अशी तिची ख्याती आजही टिकून आहे. दुसरा दाखला १९५७ चा. मुलीही गाडी घेतील या हिशेबाने कंपनीने गुलाबी रंगाचे इंजिन आणि पिवळे, जांभळट, फिकट निळे डबे अशी खास मुलींची गाडी बाजारात आणली. मुलींनी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही, कारण ज्यांना आगगाडी हवी होती त्यांना ती भावाच्या गाडीसारखीच काळीकुट्ट, खरीखुरी हवी होती, आणि ज्यांना नको होती त्यांना ती गुलाबी असूनही नको होती. काही दुकानदारांनी तर न खपलेली इंजिने काळी रंगवून मुलांना विकली. पुढे हीच गुलाबी गाडी दुर्मिळ ठरली, आणि आज तिच्यासाठी मोठमोठ्या रकमा मोजणारे लोक कोण आहेत हे पाहिले तर ते साठी ओलांडलेले पुरुष आहेत.

दुसऱ्या वर्गातील, म्हणजे खऱ्या रुळांवरच्या गाड्यांत हाच प्रकार टनांच्या मापात घडतो. शिकागोच्या उन्नत मार्गावर, म्हणजे रस्त्यांच्या डोक्यावरून खांबांवर उभारलेल्या आणि ‘एल’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरी रेल्वेवर, १९९२ पासून दर डिसेंबरला एक नाताळ गाडी धावते. तिची सुरुवात गरजूंसाठी अन्न पोहोचवणाऱ्या, पुढे शुभेच्छांची पाटी लावलेल्या साध्या गाडीने झाली. आता तिच्या डब्यांच्या आत लाल-हिरवे दिवे, खांबांना गुंडाळलेले पट्टे आणि गाणी असतात, रेल्वेचेच कर्मचारी सांताच्या मदतनीस बुटक्यांच्या वेषात साखरेच्या काठ्या वाटतात, आणि दोन डब्यांच्या मधोमध एका उघड्या सपाट वाघिणीवर स्वतः सांताक्लॉज आपल्या रेनडिअरसह विराजमान असतो. शिकागोचा डिसेंबर, खालून-वरून येणारा शेजारच्या सरोवरावरचा वारा आणि धावती उघडी वाघीण यांचा विचार केला, तर सांताची दाढी हे शोभेचे साधन नसून कपड्यांपैकी एक आवश्यक वस्तू आहे हे लक्षात येते.

या गाडीला तिकीट नेहमीचेच असते, आणि गंमत इथेच सुरू होते, कारण ती दिसायला जत्रा असली तरी कायद्याने लोकलच आहे. फलाटावर एका बाजूला सजवलेली लेकरे आणि त्यांचे फोटो काढणारे पालक उभे असतात, आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर काम करून फक्त घरी जाऊ इच्छिणारा एक थकलेला इसम.

“ही हॉवर्डला जाते ना?”

“मेरी ख्रिसमस! ही घ्या साखरेची काठी!”

“हो, पण हॉवर्ड?”

“हो हो हो!”

हे उत्तर होकारार्थी आहे की पात्राचा संवाद आहे, हे न कळल्याने तो इसम काठी खिशात घालून आत शिरतो. मुंबईकर वाचकाला या प्रसंगात परके असे काही वाटणार नाही. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी सकाळच्या ठरावीक लोकलच्या ठरावीक डब्यात नेहमीच्या प्रवाशांचा गट झेंडूची तोरणे बांधतो, देवीचा फोटो लावतो, पूजा करून पेढे वाटतो आणि मोटरमनलाही हार घालतो, आणि त्याच डब्यात चुकून चढलेला एखादा नवखा कल्याणपासून ठाण्यापर्यंत आरतीत टाळ्या वाजवून, उतरायचे स्टेशन मागे पडल्यावर प्रसाद घेऊन उतरतो. फरक इतकाच की मुंबईत या सजावटीला मुलांचे निमित्त लागत नाही. गट उघडपणे आपल्यासाठी सजावट करतो, आणि त्या दिवशी चौथ्या सीटसाठी कोणी हमरीतुमरीवर आले तर त्याला झेंडूखाली भांडू नये असे समजावले जाते.

कॅनडात हाच खेळ एका मालगाडी कंपनीने आरंभला. १९९९ पासून, त्या वेळी कॅनेडियन पॅसिफिक नाव असलेल्या या कंपनीची सणाची गाडी, सुमारे हजार फूट लांबीची आणि लाखो दिव्यांनी मढवलेली, देशभर आणि सीमेपलीकडे अमेरिकेतही गावोगाव थांबत जाते. तिच्या एका मालडब्याची बाजू उघडली की रंगमंच होतो, त्यावर गाणी होतात, आणि जमलेल्यांकडून स्थानिक अन्नपेढ्यांसाठी, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थांसाठी, डबाबंद पदार्थ आणि पैसे गोळा केले जातात. काम मोलाचे आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. थट्टा करण्यासारखा आहे तो फाटकावरचा माणूस, जो वर्षभर त्याच कंपनीची दीडशे डब्यांची मालगाडी आडवी आली की घड्याळाकडे पाहत तिला लाखोली वाहतो, आणि डिसेंबरात मात्र उणे पंधरा अंशांत, बर्फात, मुलाला खांद्यावर घेऊन, त्याच फाटकावर तिची तासभर वाट पाहतो. मुलाला शू लागलेली असते. “थांब, आता येईलच,” असे त्याला सांगितले जाते.

सर्वांत मोठी उलाढाल मात्र पायजम्यातल्या प्रवासाची आहे. क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग या चित्रकार-लेखकाचे ‘द पोलर एक्स्प्रेस’ हे उत्तर ध्रुवाला जाणाऱ्या गाडीचे चित्रपुस्तक १९८५ मध्ये निघाले आणि २००४ मध्ये त्यावर चित्रपट आला, तेव्हापासून अमेरिकेतील अनेक जुन्या रेल्वेमार्गांवर परवाना घेऊन त्याच नावाच्या गाड्या सोडल्या जातात. प्रवासी रात्रीच्या कपड्यांत येतात, कोको आणि बिस्किटे मिळतात, सांता प्रत्येक मुलाला एक घंटा देतो, आणि गाडी तासाभरात उत्तर ध्रुवावर जाऊन परत येते. भूगोलाच्या दृष्टीने यातील सर्वांत धाडसी गाडी वाळवंटासाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या विल्यम्स गावाहून, ग्रँड कॅन्यन रेल्वेवर निघते. मुले या प्रवासात निमूट झोपतात किंवा तिसऱ्या कोकोनंतर खिडकीच्या काचेवर चित्रे काढतात. चौकटीचा पायजमा घालून, दाराशी उभे राहून, “अर्धा मैल गेलो की ध्रुव,” असे अनोळखी लोकांना सांगणारा माणूस पंचेचाळीस वर्षांचा असतो.

या कथेच्या मुळाशी एक खरे इंजिनही आहे. पेरे मार्केट रेल्वेचे १९४१ साली ओहायोतील लिमा येथे बांधलेले वाफेचे इंजिन मालगाड्या ओढून निवृत्त झाले, १९५७ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठाला भेट मिळाले, आणि तिथल्या क्रीडांगणाजवळ उभे असताना लहानगा व्हॅन ऑल्सबर्ग ते पाहत असे. पुढे विद्यार्थ्यांनी हौसेने त्याच्या दुरुस्तीला हात घातला, ते पुन्हा धावू लागले, चित्रपटासाठी त्याचे आवाज टिपले गेले, आणि आता मिशिगनमधल्या ओवोसो गावाहून ते डिसेंबरात प्रवासी घेऊन निघते. त्याचा क्रमांक १२२५ आहे आणि नाताळची तारीखही बारा-पंचवीस, हा योग अमेरिकेत दैवी मानला जातो. महिना आधी आणि दिवस मागून लिहिण्याची तिथली पद्धत या चमत्काराला कारणीभूत आहे. हेच इंजिन लोणावळ्याला उभे असते तर पंचविसावा महिना कोणता, या प्रश्नापलीकडे त्याचे काही झाले नसते.

ब्रिटनमध्ये या प्रकाराला सांता स्पेशल म्हणतात, आणि तिथे तो जवळजवळ अर्थशास्त्राचा विषय आहे. बंद पडलेले किंवा पडू घातलेले जुने रेल्वेमार्ग हौशी लोकांनी ताब्यात घेऊन चालवण्याची चळवळ तिथे १९५१ साली वेल्समधील तालिथ्लिन रेल्वेपासून सुरू झाली, आणि अशा अनेक मार्गांना वर्षभराचा कोळसा परवडतो तो बराचसा डिसेंबरातल्या या गाड्यांच्या उत्पन्नावर. मुलाला भेटवस्तू आणि मोठ्यांना शेरीचा पेला व सुकामेव्याचे गोड सारण भरलेली मिन्स पाय असा बेत असतो, आणि गाडी चालवणारे, फायरमन, गार्ड, तिकीट तपासनीस हे बहुतेक सगळे बिनपगारी स्वयंसेवक असतात. निवृत्त बँक मॅनेजर पहाटे चारला उठून इंजिनाखाली शिरतो, कोळशाने काळा होऊन येतो आणि घरी सांगतो की मुलांसाठी करावे लागते. सांताचे काम मात्र कोणी आपण होऊन मागत नाही, कारण तासाभरात सहा डब्यांतल्या प्रत्येक मुलाशी बोलायचे तर एकट्याला ते जमत नाही, मग दोन सांता नेमावे लागतात, आणि शौचालयाकडे निघालेल्या एखाद्या चौकस मुलीची दोघांशी गाठ पडते.

“तू आत्ताच तिकडे होतास.”

“मी जादूने आलो.”

“तिकडचा चष्मा लावतो.”

यावर सांतापाशी असलेले एकमेव शस्त्र म्हणजे भेटवस्तू, आणि ती अशा वेळी दोनदा द्यावी लागते.

येथवरच्या पाहणीत लहान मुलांचा सहभाग कुठेच नाही असे म्हणता येणार नाही. तिकिटावर त्यांचे नाव असते, फोटोत ती पुढे असतात, आणि गाडी नाही काढली तर ती हिरमुसतील असे त्यांच्या वतीने सांगितले जाते. मूल मोठे होऊन निमित्त संपले तरी गाडी थांबत नाही, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. गायक नील यंग यांनी १९९० च्या दशकात लायोनेल कंपनीतच भागीदारी घेतली आणि अपंगत्व असलेल्या आपल्या मुलाला गाडी चालवता यावी म्हणून दूरनियंत्रणाची यंत्रणा विकसित करण्यात लक्ष घातले. एवढे सबळ कारण असलेला बाप विरळा. बाकीच्यांना कारण दरवर्षी नव्याने जुळवावे लागते, आणि एडिसनच्या त्या घरात मुलगा शिकायला दुसऱ्या राज्यात गेल्यानंतरच्या पहिल्या डिसेंबरात, माळ्यावरून खोके उतरत असताना, त्याची सुरुवात होते.

“आता कशाला काढताय ती? घरात लहान कोण आहे?”

“नातवंडं आली की लागेल.”

“त्याचं लग्न तरी ठरलंय का?”

“नाही. पण तोवर रूळ तपासून ठेवलेले बरे.”